अठ्ठावन्न की साठ : फोंडा तालुक्यातील एका कारखान्याच्या कराराचे प्रकरण

फोंडा तालुक्यातील एका औद्योगिक वसाहतीत खाद्यपदार्थ तयार करणारा मध्यम आकाराचा कारखाना आहे. तेथील युनियनने २०२२ च्या अखेरीस दिलेल्या मागणीपत्रात कायम कामगारांचे निवृत्तीचे वय ५८ वरून ६० करावे, अशी मागणी केली आणि २०२३ च्या चवथीआधी (गणेश चतुर्थीआधी) सह्या झालेल्या तीन वर्षांच्या करारात व्यवस्थापनाने ती मान्य केली. या वाटाघाटींत वेतनवाढ, ग्रॅच्युइटी आणि पेन्शन यांचे हिशेब मांडून देण्याचे काम माझ्याकडे होते, त्यामुळे दोन्ही बाजूंचे म्हणणे मला जवळून ऐकता आले. मागणी मान्य झाली, तरी ज्या कामगारांकडे पाहून ती केली गेली होती त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या पदरात तिचे काहीच पडले नाही. आणि ज्या तरुण कामगारांनी तिला विरोध केला, त्यांचेही ती फेटाळली गेली असती तर काही भले झाले नसते, असे माझे मत आहे. हे मत कशावरून बनले, ते येथे सविस्तर मांडतो. कारखान्याचे आणि माणसांचे नाव मी दिलेले नाही, व ओळख पटेल असे काही तपशील गाळले आहेत.

वयाची अट कोठून येते

गोव्यात सरकारी नोकर ६० व्या वर्षी निवृत्त होतो. केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी १९९८ मध्ये ५८ चे ६० केले होते. शेजारच्या महाराष्ट्रात राज्य सरकारच्या बहुतेक कर्मचाऱ्यांना मात्र आजही ५८ व्या वर्षीच घरी जावे लागते. खासगी कारखान्यातील कामगाराला असा एकच एक नियम लागू नसतो. स्थायी आदेशांच्या, म्हणजे कारखान्यातील नोकरीच्या अटींच्या, कायद्याखाली केंद्राने केलेल्या नियमांत या बाबतीत एक साधी तरतूद होती : मालक आणि कामगार यांच्यात करार, तडजोड किंवा निवाडा यांनी ठरलेले वय असेल तर ते लागू, आणि तसे काही ठरलेले नसेल तर ५८. म्हणजे ५८ हा आकडा कोणी नीट विचार करून ठरवलेला नसतो. काहीच ठरले नाही म्हणून तो शिल्लक राहिलेला असतो. आमच्या कारखान्यातही नेमके तसेच होते. कारखाना सुरू झाला तेव्हा बहुतेक कामगार विशी-तिशीतले होते, त्यांच्या निवृत्तीचा विचार त्या वेळी कोणाच्याच डोक्यात नव्हता, आणि पुढच्या करारांमधून महागाई भत्ता, बोनस, कँटीन आणि गणवेश यांची कलमे वाढत गेली, तरी वयाचे कलम तेवढे राहून गेले.

हा विषय गोव्यात लवकर तापणे स्वाभाविक होते. २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्यांचे लोकसंख्येतील प्रमाण देशात सुमारे ८.६ टक्के, तर गोव्यात ११.२ टक्के होते. मोठ्या राज्यांत एक केरळच आपल्या पुढे होता. केंद्राच्या २०१८-१९ च्या आर्थिक पाहणीतही आयुर्मान वाढत असल्याने निवृत्तीचे वय टप्प्याटप्प्याने वाढवावे लागेल, असे सुचवले होते. वाटाघाटीच्या टेबलावर दोन्ही बाजूंनी अशी उदाहरणे ठेवली. युनियनने आंध्र प्रदेशाचे दिले, कारण तेथे सरकारी नोकरांचे वय २०१४ मध्ये ६० आणि २०२२ मध्ये ६२ झाले होते. व्यवस्थापनाने केरळचे दिले : २०२२ च्या ऑक्टोबरअखेरीस तेथील सरकारने सार्वजनिक उपक्रमांत ६० चे वय लागू करणारा आदेश काढला आणि तरुणांच्या संघटना रस्त्यावर उतरताच काही दिवसांत तो थांबवला. ही बातमी त्या वेळी ताजी होती व तिचा परिणाम झाला.

बॉयलर हाऊस

या प्रकरणाच्या केंद्रस्थानी जो कामगार आहे त्यांना कारखान्यात सगळे ‘भाई’ म्हणतात; मीही तसेच म्हणतो. जन्म १९६५ चा, गाव धारबांदोडा तालुक्यातले. १९९६ मध्ये ते बॉयलर हाऊसमध्ये मदतनीस म्हणून लागले, पुढे परीक्षा देऊन आधी द्वितीय आणि नंतर प्रथम श्रेणीचे बॉयलर अटेंडंटचे प्रमाणपत्र त्यांनी मिळवले. हे प्रमाणपत्र नुसते भिंतीवर लावण्यासाठी नसते. प्रमाणपत्रधारक अटेंडंट हजर नसेल तर बॉयलर चालवता येत नाही, आणि दरवर्षी पणजीच्या आल्तिनो येथील कारखाने व बाष्पक निरीक्षणालयाकडून बॉयलरची तपासणी होऊन परवाना नव्याने घ्यावा लागतो.

भाईंचे काम ज्याने पाहिले आहे त्याला ‘वय झालेला कामगार’ या शब्दांचा अर्थ पुन्हा तपासावा लागेल. पाळी हाती घेतली की ते आधी गेज ग्लास ब्लोडाऊन करून, म्हणजे त्यातले पाणी सोडून देऊन, काचेत दिसणारी पाण्याची पातळी खरी आहे याची खात्री करून घेतात. मग फीड पंप, सॉफ्टनरचे पाणी, प्रेशर गेज, चिमणीतून निघणाऱ्या धुराचा रंग, आणि सर्वांत शेवटी लॉगबुक. फीड पंपाचा आवाज बदलला की गाळणी तुंबत आली हे त्यांना मीटरच्या आधी कळते. हा बॉयलर ब्रिकेटवर, म्हणजे लाकडाचा भुसा आणि शेतातला टाकाऊ माल दाबून केलेल्या कांड्यांवर चालतो. गोव्याच्या पावसाळ्यात ताडपत्री घालूनही ब्रिकेट ओलसर होतात. ओल्या इंधनाने भट्टी मंदावते, वाफेचा दाब उतरतो आणि पलीकडच्या शेडमधल्या केटल अर्ध्या शिजवणीवर थांबतात. अशा वेळी नवखा माणूस घाबरून जास्त इंधन लोटतो आणि भट्टी आणखी दमवतो. “आधी हवा वाढव, मग इंधन. आणि एकदम नको, पसरून घाल,” असे भाई आपल्या मदतनिसाला सांगतात, तेव्हा एका वाक्यात सत्तावीस पावसाळ्यांचा अनुभव असतो.

हा मदतनीस आयटीआय झालेला, सव्वीस वर्षांचा मुलगा आहे. कंत्राटदाराकडून आलेला, द्वितीय श्रेणीच्या परीक्षेची तयारी करणारा आणि कधीतरी कायम होऊ या आशेवर असलेला. भाई गेले की त्यांची जागा आपल्याला मिळेल, असे त्याला वाटत होते. त्याच्यासारखे तरुण त्या कारखान्यात बरेच होते, आणि युनियनच्या सभेत ६० च्या मागणीला विरोध त्यांच्याकडून आणि त्यांच्या घरच्यांकडून आला. हा विरोध घरातल्या घरात होता, हे लक्षात घेतले पाहिजे. एकाच वाड्यावरचा काका कायम आणि पुतण्या कंत्राटी, अशी स्थिती असताना काकाने दोन वर्षे जास्त बसावे की नाही, हा प्रश्न जेवणाच्या पानावरही निघतो.

भाईंना २०२३ च्या मे महिन्यात ५८ पूर्ण झाली आणि महिनाअखेरीस ते निवृत्त झाले. वाटाघाटी तेव्हा चालूच होत्या. नारळ, शाल, घड्याळ असा निरोप झाला. जूनमध्ये पाऊस लागला, रात्रपाळीत दोनदा वाफ पडली, उरलेल्या अटेंडंटना तीन पाळ्या आणि सुट्या यांचा मेळ बसेना, शिवाय वार्षिक तपासणीची तयारी करायची होती. जुलैमध्ये व्यवस्थापनाने भाईंना परत बोलावले, मात्र कंत्राटदारामार्फत. बॉयलर तोच, पाळी तीच, लॉगबुकात सही तीच. पगार ३६ हजारांवरून १८ हजारांवर आला.

पैशांचा हिशेब

कामगारांच्या सभांमध्ये या विषयावर बोलताना बहुतेक वेळा ‘दोन वर्षांचा पगार’ एवढाच हिशेब केला जातो. प्रत्यक्षात चार वेगवेगळी खाती उघडून पाहावी लागतात, आणि प्रत्येक खात्याला लागू होणारी वयाची अट वेगळी असते.

पहिले खाते पेन्शनचे. १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेत पेन्शन ५८ व्या वर्षी सुरू होते व त्याच वयाला योजनेचे सदस्यत्व संपते. कामगार नोकरीत राहिला तरी त्याला पेन्शन घेता येते, आणि मालकाच्या हिश्शातला पेन्शनकडे जाणारा ८.३३ टक्के भाग पुढे भविष्य निर्वाह निधीत जमा होतो. पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षे भागिले ७०, असे तिचे सूत्र आहे. अडचण पगाराच्या मर्यादेची आहे. १ सप्टेंबर २०१४ पासून ती १५ हजार आहे, परंतु त्याआधीच्या सेवेसाठी ६,५०० रुपयेच धरले जातात. भाईंच्या सेवेतली जवळजवळ एकोणीस वर्षे त्या जुन्या मर्यादेखाली गेली. वीस वर्षांहून जास्त सेवेबद्दल मिळणारी दोन वर्षांची भर धरूनही त्यांचे पेन्शन महिना चार हजारांच्या आसपास बसते. पेन्शन ६० पर्यंत पुढे ढकलले तर दर वर्षाला चार टक्के वाढ मिळते. हा मार्ग अनेकांना आकर्षक वाटतो, म्हणून त्याचा हिशेब मी फळ्यावर मांडून दाखवला होता : दोन वर्षांत ९६ हजार रुपये सोडायचे आणि त्याबदल्यात महिन्याला साधारण ३२० रुपये जास्त घ्यायचे. सोडलेली रक्कम भरून येण्यास पंचवीस वर्षे लागतात. चार हजारांवर घर चालत नाही हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही. त्यामुळे ५८ नंतर काम करायचे की नाही, हा प्रश्न या कामगारांपुढे नसतोच. कोणत्या अटींवर करायचे, एवढाच असतो.

दुसरे खाते ग्रॅच्युइटीचे. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून २४ हजार असतील तर एका वर्षाच्या सेवेची ग्रॅच्युइटी सुमारे १३,८४६ रुपये होते. सत्तावीस वर्षांचे तीन लाख ७४ हजारांच्या घरात. कायम म्हणून आणखी दोन वर्षे मिळाली असती तर त्यात जवळजवळ २८ हजारांची भर पडली असती. कंत्राटदाराकडे सेवा शून्यापासून सुरू होते आणि त्या वेळच्या कायद्याप्रमाणे पाच वर्षे पूर्ण झाल्याशिवाय ग्रॅच्युइटी नाही. साठीकडे झुकलेल्या माणसाला त्या पाच वर्षांचा उपयोग काय?

तिसरे खाते भविष्य निर्वाह निधीचे, आणि येथे बहुतेकांना माहीत नसलेली एक अडचण आहे. पंचावन्न वर्षांनंतर निवृत्त होऊन ज्याने निधीतली सगळी रक्कम काढून घेतली, तो पुन्हा नोकरीला लागला तर योजनेच्या भाषेत ‘वगळलेला कर्मचारी’ ठरतो. भाईंनी मुलीच्या लग्नाचे कर्ज फेडण्यासाठी पूर्ण रक्कम काढली होती. त्यामुळे कंत्राटदारावर त्यांचा निधी भरण्याचे बंधन उरले नाही, आणि त्याने तो भरलाही नाही. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याच्या ऑफिसात फॉर्म भरून घेताना ही गोष्ट कामगाराला सांगणे कोणाचे तरी काम असायला हवे.

चौथे खाते औषधपाण्याचे. कायम असताना पगार २१ हजारांच्या वर असल्याने ते कर्मचारी राज्य विमा योजनेच्या (ईएसआय) बाहेर होते आणि कारखान्याच्या गट विम्यात होते. तो निवृत्तीबरोबर संपला. अर्ध्या पगारावर परत आल्यावर मात्र ते पुन्हा राज्य विम्यात आले आणि पत्नीच्या डोळ्यांसाठी मडगावच्या रुग्णालयाची वाट त्यांना मोकळी झाली. या सगळ्या हिशेबात त्यांच्या बाजूने पडलेली ही एकच गोष्ट आहे.

एकंदरीत, दोन वर्षांत भाईंच्या घरी येणाऱ्या पैशांत केवळ पगाराच्या फरकाने चार लाख ३२ हजारांची तूट येते. कारखान्याला त्यांची गरज उरली नव्हती, असे कोणी म्हणू शकत नाही. गरज नसती तर दोन महिन्यांत बोलावणे आले नसते. वयस्क कामगाराला काम मिळत नाही ही जी तक्रार आपण नेहमी ऐकतो, तिच्यात मला म्हणूनच दुरुस्ती करावीशी वाटते. कारखान्याच्या आत असलेल्या कसबी माणसाला काम मिळते. त्याचा दर्जा, त्याच्या सेवेची सलगता आणि निम्मा पगार तेवढा काढून घेतला जातो.

वाटाघाटी

व्यवस्थापनाचे म्हणणे सरसकट टाकाऊ नव्हते. जुन्या कामगाराचा पगार नव्याच्या दुप्पट असतो आणि उत्पादन दुप्पट होत नाही, हा त्यांचा मुख्य मुद्दा. वयाबरोबर चुका वाढतात, हा दुसरा. दुसऱ्या मुद्द्यावर मी त्यांना जर्मनीतल्या एका अभ्यासाची माहिती दिली होती. अक्सेल बर्श-झुपान आणि मथियास वाइस यांनी ट्रक जुळणीच्या एका कारखान्यातील चुकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा वयस्क कामगारांच्या हातून किरकोळ चुका थोड्या जास्त होतात, पण गंभीर चुका ते टाळतात, आणि साठीपर्यंत एकूण उत्पादकतेत घट दिसत नाही, असे त्यांना आढळले. बॉयलर हाऊसमध्ये गंभीर चूक म्हणजे काय, हे टेबलावर बसलेल्या प्रत्येकाला माहीत होते. तो मुद्दा पुन्हा निघाला नाही.

तरुणांच्या भीतीबद्दल मला जास्त आस्थेने बोलावेसे वाटते, कारण ती निराधार नाही. जोनाथन ग्रुबर आणि डेव्हिड वाइज यांच्या पुढाकाराने बारा देशांची जी तुलना झाली, तिच्यात वयस्कांचा रोजगार वाढल्याने तरुणांचा घटतो असे आढळले नाही. युनियनच्या पुढाऱ्यांना हे सांगायला सोपे गेले असते. परंतु इटलीने २०११ च्या अखेरीस पेन्शनचे वय एकाएकी वाढवले, तेव्हा ज्या कंपन्यांत बरेच कामगार त्यामुळे अडकून राहिले तेथे तरुणांची भरती कमी झाली, असेही अर्थशास्त्रज्ञांनी दाखवले आहे. संपूर्ण देशाचा हिशेब आणि एका कारखान्याच्या फाटकाआतला हिशेब वेगळा असू शकतो. म्हणून मी दोन्ही गोष्टी सभेत सांगितल्या, आणि मग कारखान्याचे स्वतःचे हजेरीपत्रक काढायला लावले. त्यातून जे दिसले त्याने सभेचा सूर बदलला. आदल्या पाच वर्षांत जे कायम कामगार निवृत्त झाले, त्यांच्यापैकी एकाच्याही जागी कायम माणूस घेतला गेला नव्हता. जागा रिकामी होत होती, आणि रिकामी झाली की ती पटावरून निघत होती. काका घरी गेल्याने पुतण्या कायम होत नव्हता. काकाची जागाच नाहीशी होत होती. भाईंच्या बाबतीतही पुढे तेच झाले. त्यांची कायम जागा संपली, मदतनीस कंत्राटीच राहिला, आणि आता दोघेही एकाच कंत्राटदाराच्या यादीवर आहेत.

यानंतर तरुणांचा विरोध मावळला आणि व्यवस्थापनाने प्रतिप्रस्ताव ठेवला : निवृत्ती ५८ लाच, मात्र ज्याला व्यवस्थापन निवडेल त्याला दोन वर्षांची मुदतबंद नेमणूक. जपानमध्ये अशी पद्धत आहे, असे त्यांच्या सल्लागाराने सांगितले. ते अर्धेच खरे होते. तेथील कायद्यात मालकाला निवृत्तीचे वय वाढवणे, ते रद्द करणे किंवा निवृत्तीनंतर पुन्हा नेमणे असे पर्याय आहेत आणि पुष्कळ कंपन्या कमी पगारावरच्या पुनर्नेमणुकीचा पर्याय घेतात, हे खरे. पण २०१३ पासून ज्याला ज्याला राहायचे आहे त्या सर्वांना ६५ पर्यंत ठेवण्याची तजवीज मालकाने करायची असते. निवड मालकाची नसते. आपल्याकडे निवड मालकाकडे ठेवून जपानचे नाव घेणे योग्य नव्हते, आणि युनियनने ते नाकारले हे चांगले केले.

अखेर ऑगस्टअखेरीस ६० वर एकमत झाले. त्याला तीन अटी जोडल्या गेल्या : अठ्ठावन्नाव्या वर्षी कारखान्याने नेमलेल्या डॉक्टरकडून तंदुरुस्तीचा दाखला, त्यानंतर वार्षिक वेतनवाढ नाही, आणि हे कलम सहीच्या तारखेपासून लागू. वेतनवाढ मात्र आधीचा करार संपल्यापासून, म्हणजे १ जानेवारी २०२३ पासून लागू झाली आणि तिची थकबाकी चवथीआधी द्यायचे ठरले. एकाच करारात पैशाला जानेवारीची तारीख आणि वयाला सप्टेंबरची, असे झाले. या दोन तारखांच्या मध्ये ज्यांना ५८ पूर्ण झाली ते तिघे जण बाहेर राहिले, त्यांत भाई होते. त्यांना मेपर्यंतची थकबाकी मिळाली, दोन वर्षे मिळाली नाहीत.

तिघांना परत घेतले तर दिलेली ग्रॅच्युइटी वळती करावी लागेल आणि जुनी निवृत्त माणसेही दार ठोठावतील, असे व्यवस्थापनाचे कारण होते. पहिली अडचण हिशेबाने सुटण्यासारखी होती, दुसरी एका वाक्याच्या कलमाने. युनियनने हा मुद्दा ताणला नाही. चवथ तोंडावर होती, माटोळीचे सामान, गणपतीची मूर्ती, मुंबईहून येणारी माणसे, असा घरोघरी खर्च उभा होता आणि थकबाकीचे पैसे सगळ्यांना हवे होते. युनियनचे सेक्रेटरी भाईंना विचारायला बॉयलर हाऊसमध्ये गेले तेव्हा मी सोबत होतो. “माझ्या एकट्यासाठी सगळ्यांची चवथ अडवू नका,” एवढेच ते म्हणाले आणि गेज ग्लासकडे वळले. त्यांच्या मोठेपणाचा आधार घेऊन सही झाली. मला ते तेव्हाही पटले नाही. ज्याचे नुकसान होणार त्याच्याच तोंडून संमती घेणे ही वाटाघाट नव्हे.

करारानंतर

करारानंतरच्या दोन वर्षांत वाढीव वयाचा लाभ कोणाला झाला, हे विभागवार पाहिले की कराराची दुसरी उणीव दिसते. देखभाल विभागातील फिटर, इलेक्ट्रिशियन, प्रयोगशाळा आणि कार्यालय येथील ज्यांना ५८ झाली ते सगळे कामावर आहेत. गोदामातले तसे नाहीत.

गोदामात साखरेची ५० किलोची पोती येतात. ट्रकमधून खांद्यावर घेऊन थप्पी लावायची, वरचे थर चढवताना फळीवरून जायचे. तिशीत सुरू केलेले हे काम सत्तावन्नाव्या वर्षी कंबर, गुडघे आणि खांदे यांच्यावर लिहिलेले असते. तेथील तिघांना या काळात ५८ झाली. एकाला डॉक्टरने कंबरेमुळे अयोग्य ठरवले. सततच्या अनारोग्यामुळे सेवा संपली तर ती त्या वेळच्या कायद्याने कामगारकपात मानली जात नव्हती, त्यामुळे कपातीची भरपाईही नाही. दुसऱ्याने काही महिने काढले आणि स्वतःहून सोडले. तिसरा अजून आहे, कारण पर्यवेक्षकाने आपल्या समजुतीने त्याला वजनकाट्यावर नेले, आणि आवक-जावकीच्या नोंदी तो आता चोख ठेवतो. हे करारात कोठेही लिहिलेले नव्हते. पर्यवेक्षक बदलला असता तर हा माणूसही घरी असता.

पॅकिंग लाइनवरच्या एका बाईंचे मला अधिक वाईट वाटते. घरच्या अडचणींमुळे त्या उशिरा कामाला लागल्या, म्हणून त्यांना दोन वर्षांची गरज इतरांपेक्षा जास्त होती. आठ तास उभे राहून पाकिटांचे शिवण तपासायचे काम. त्यांनी बसायला उंच स्टूल मागितले. एकीला दिले तर सगळ्या मागतील, असे उत्तर मिळाले. उभ्याने काम करणाऱ्यांना बसण्याची सोय असावी, असे त्या वेळी लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम ४४ मध्ये लिहिलेले होते, आणि हे काम बसून करता येण्यासारखे होते. एकोणसाठाव्या वर्षी त्यांनी राजीनामा दिला. सगळ्या मागतील तर सगळ्यांना द्यावे. बव्हेरियातील डिंगोल्फिंग येथे बीएमडब्ल्यूने २००७ मध्ये एका उत्पादन रांगेवर मुद्दाम सरासरी ४७ वयाचे कामगार नेमून नेमका हाच प्रयोग केला होता. लाकडी तळ, बसायला खुर्च्या, भिंगे, उंची बदलणारी टेबले असे सुमारे सत्तर छोटे बदल, बहुतेक कामगारांनीच सुचवलेले; खर्च कामगारांचा वेळ धरून ४० हजार युरोंच्या आसपास, आणि वर्षभरात त्या रांगेची उत्पादकता सात टक्क्यांनी वाढली. आपल्या कारखान्याला त्यातले स्टूल आणि ढकलगाडी तरी परवडण्यासारखी आहे.

फाटकाबाहेरचा माणूस

या प्रकरणाला आणखी एक बाजू आहे, तिच्याकडे वाटाघाटीत कोणाचेच लक्ष नव्हते. भाईंचे मेहुणे खाणीवर डंपरचे मेकॅनिक होते. सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ रोजी गोव्यातील ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चच्या मध्यापासून उत्खनन थांबले, तेव्हा त्यांचे वय ४९ होते. डिझेल इंजिन, हायड्रॉलिक, वेल्डिंग हे सगळे हातात असलेला माणूस. त्यांनी याच कारखान्यात देखभाल विभागात अर्ज केला होता. जाहिरातीत वयोमर्यादा ३५ होती, म्हणून मुलाखतीलाही बोलावले गेले नाही. पुढे त्यांनी एका गृहसंकुलावर सुरक्षारक्षक म्हणून बारा तासांची रात्रपाळी धरली. पन्नाशीनंतर नोकरी गेलेल्या माणसाला गोव्यात सर्वांत सहज मिळणारे काम हेच आहे, आणि त्याला त्याच्या कसबाची काहीच गरज नसते.

खासगी भरतीत वयावरून भेदभाव करण्यास मनाई करणारा कायदा आपल्याकडे नाही. अमेरिकेत चाळीस वर्षांवरील कामगारांना असे संरक्षण १९६७ पासून आहे. आपल्या योजनांची रचना साठीनंतरचा माणूस डोळ्यांसमोर ठेवून केलेली असते : ज्येष्ठांच्या पुनर्रोजगारासाठी केंद्राने १ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू केलेले पोर्टल ६० पासून, राज्याच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतून ज्येष्ठांना मिळणारे महिना दोन हजारही ६० पासून. एकोणपन्नासाव्या वर्षी काम गेलेल्याने मधली अकरा वर्षे कशी काढायची, याचे उत्तर निवृत्तीचे वय ६० किंवा ६२ करून मिळत नाही. उलट, आत असलेल्यांचे वय वाढले आणि दारावरची ३५ ची पाटी तशीच राहिली, तर बाहेरच्या माणसाची वाट आणखी लांबते.

पुढच्या करारासाठी

या कराराची मुदत २०२५ च्या डिसेंबरअखेरपर्यंत ठरली होती आणि नव्या मागणीपत्राच्या मसुद्यावर युनियनमध्ये चर्चा चालू आहे. मी माझ्या टिपणात चार कलमे सुचवली आहेत. वयासंबंधीचे कोणतेही कलम वेतनाच्या कलमाबरोबर एकाच तारखेपासून लागू व्हावे. पंचावन्न पूर्ण झालेल्या गोदाम व पॅकिंगमधील कामगारांसाठी वजनकाटा, नोंदी, तपासणी अशा हलक्या कामांची यादी दोन्ही बाजूंच्या समितीने करावी, आणि अयोग्यतेचा दाखला देण्याआधी त्या यादीतले काम देऊन पाहावे. दाखला देणारा डॉक्टरही दोघांच्या संमतीचा असावा. निवृत्तीने रिकामी होणारी कायम जागा सहा महिन्यांत कायम माणसानेच भरावी, आणि त्यात कारखान्यातल्या कंत्राटी कामगाराचा पहिला हक्क असावा. चौथे कलम भरतीच्या जाहिरातीतील कमाल वय काढून टाकण्याचे.

पहिल्या दोन कलमांना सभेत विरोध झाला नाही. तिसरे तरुणांनी उचलून धरले. भाईंच्या मदतनिसाने ते वाचून दाखवले, आणि व्यवस्थापन याच कलमावर सर्वांत जास्त अडेल, हे सगळ्यांना माहीत आहे. चौथ्यावर मात्र मतभेद आहेत. बाहेरचे पन्नाशीचे लोक आले तर आपल्या मुलांचे काय, असा प्रश्न जुन्याच कामगारांनी विचारला. त्यांना मी भाईंच्या मेहुण्यांचे उदाहरण दिले, आणि खाण परिसरातल्या सभासदांनी त्याला दुजोरा दिला. मतदान पुढच्या सभेत आहे. भाई त्या सभेला येऊ शकत नाहीत, कारण कंत्राटी कामगार म्हणून ते आता युनियनचे सभासद नाहीत. कंत्राटी कामगारांना सभासदत्व देण्याचा ठराव त्याच सभेपुढे ठेवावा, असे पत्र मी सेक्रेटरींना दिले आहे.